काळवत्रीचं वय

(रत्नागिरीतल्या एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

अध्यक्ष महाराज, आणि आभाळ भरून आलेलं असतानाही आलेले तुम्ही सगळे. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘डायनासोर लाव्हाने मेले की अशनीने?’ हा संयोजकांनी ठेवलेला. मी ‘दख्खनच्या बेसाल्टचे कालमापन’, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या दगडाचं वय काढणं, असा सुचवला होता, त्यावर फोनवर विचारणा झाली, “सर, मग खुर्च्या किती लावू?” तर डायनासोरकडे येतो. जरा दम धरा.

आधी एक गाऱ्हाणं. आमच्या धंद्यातल्या माणसाला लग्नात गाठा, एसटीत गाठा, पहिला प्रश्न ठरलेला: “कार्बन डेटिंग केलंत का?” मध्यंतरी एका कार्यक्रमात सूत्रसंचालकांनी मंचावरून जाहीरच करून टाकलं की सह्याद्रीचं वय कार्बन डेटिंगने सिद्ध झालंय. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, शेजारी आमदार बसले होते. अहो, कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. पन्नासेक हजार वर्षांत मोजण्याजोगं काही उरत नाही. शिवाय तो जिवंत वस्तूत साठतो. लाव्हा कधी जेवला नाही, त्याच्यात हा कार्बन कुठून येणार? तोच प्रकार आपल्या सड्यांवरच्या, म्हणजे कातळाच्या पठारांवरच्या, कातळशिल्पांचा. “सर, सड्यावरच्या दगडाचं वय काढून द्या, म्हणजे हत्तीचं चित्र कधीचं ते कळेल.” नाही कळणार. दगड कधीचा आणि त्यावर छिन्नी कधी चालली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घर शंभर वर्षांचं असलं म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर शंभर वर्षांचं होत नाही.

मग काय मोजतात? पोटॅशियम. सगळ्या पोटॅशियमपैकी दहा हजारात साधारण एक अणू किरणोत्सारी असतो, पोटॅशियम-४०. तो निम्मा व्हायला सुमारे १२५ कोटी वर्षं लागतात. त्यातला बराचसा कॅल्शियम होतो, थोडा अर्गॉन वायू. लाव्हा पातळ असतो तोवर हा अर्गॉन निघून जातो. थिजला की आत अडकायला लागतो. तेव्हा अडकलेला अर्गॉन मोजायचा, उरलेलं पोटॅशियम मोजायचं आणि गणित करायचं. ऐकायला सोपं आहे. पण दख्खनच्या बेसाल्टात मुळात पोटॅशियम कमी, आणि हा लाव्हा थिजल्यापासूनच्या ६.६ कोटी वर्षांत पोटॅशियम-४० च्या हजार अणूंमागे जेमतेम चारांचा अर्गॉन झालाय. त्यात हवेतही सुमारे एक टक्का अर्गॉन आहेच, तोही घुसतो. आणि दगड झिजला, पाण्याने कुजला, तर साठलेला अर्गॉन निसटतो आणि उत्तर भलतंच येतं.

आणि इथेच आपलं कोकण मार खातं. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस. लाखो वर्षं असा पाऊस पिऊन वरच्या काळ्या दगडाचा जांभा झाला. तुमच्या घराचे चिरे म्हणजे बेसाल्टच, पण पोटॅशियम धुऊन गेलेला आणि लोह-ॲल्युमिनियम मागे राहिलेला. त्याला मूळ लाव्हाचं वय विचारण्यात अर्थ नाही. म्हणून आम्ही जांभ्याखालची काळवत्री, म्हणजे न कुजलेला काळा बेसाल्ट, शोधत फिरतो. चांगला दगड कानाने ओळखायचा: हातोडी मारली की खण्ण वाजला पाहिजे. भद्द वाजला की सोडून द्या. फुटलेली बाजू भिंगाखाली धरा. फेल्डस्पार नावाच्या खनिजाच्या बारीक काड्या काचेसारख्या चमकत असतील तर पिशवीत टाका. दुधाळ दिसल्या, किंवा फटीत पांढरी खनिजं भरलेली दिसली, तर चहा प्यायला जा. माझं म्हणणं एवढंच की वय निम्मं इथे ठरतं, यंत्र नंतर.

ऐका. राजापूरच्या दक्षिणेला, विजयदुर्गाच्या खाडीच्या अलीकडे एका गावात गेलो होतो. ओहोटीला कड्याच्या पायथ्याशी सुरेख ताजा दगड उघडा पडत होता. हातोडी उचलली आणि मागून हाक आली. गावचे मानकरी. म्हणाले, “दगडाचा वय कित्याक व्हया? लगीन जुळवचा हा काय?” मी समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, हरकत नाही, पण जागा राखणदाराची, देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय घाव नाही. मग नारळ आणायला पोर पळालं. दुकान बंद. दुसऱ्या वाडीतून नारळ आला. गुरव आंघोळीला गेलेले. तोवर माझ्या दोन विद्यार्थ्यांना कुणीतरी पोहे खायला घालून आडवं केलं होतं. शेवटी सुरू झालं: “बा देवा म्हाराजा, ह्ये मास्तर तुझो दगड फोडूक इले आसत, तेंका यश दी रे म्हाराजा!” सगळे, “व्हय म्हाराजा!” “आणि दगडाचा वय काय ता तेंका खरा खरा सांग रे म्हाराजा!” “व्हय म्हाराजा!” मी सगळ्यांत मोठ्याने ओरडलो, कारण इतकी नेमकी प्रार्थना आमच्या कुठल्याही प्रयोगशाळेत झालेली नाही.

(हशा)

तोवर भरती लागली. दगड पाण्याखाली. मानकऱ्यांनी माझा चेहरा बघितला आणि म्हणाले, समुद्रातला कशाला, माझ्या नव्या विहिरीत बघा. जांभा, त्याखाली रंगीबेरंगी मऊ माती, आणि त्याखाली फोडून काढलेली काळवत्री कठड्याबाहेर ढीग करून पडलेली. खण्ण वाजली!

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. म्हणजे डायनासोर.

पटापट सांगतो. १९८० साली अल्वारेझ पितापुत्र आणि सहकाऱ्यांनी इरिडियमवरून, म्हणजे अशनींत जास्त सापडणाऱ्या एका धातूवरून, अशनीची कल्पना मांडली. नंतर मेक्सिकोत चिक्शुलूबचं विवर सापडलं. १९८६ च्या सुमारास कूर्तियोच्या फ्रेंच गटाने दख्खनचे उद्रेक फार थोड्या काळात उरकले असं दाखवलं, म्हणजे लाव्हाही संशयित. मग भांडण अचूकपणावर आलं. अर्गॉन-अर्गॉन पद्धतीत नमुना अणुभट्टीत ठेवतात, पोटॅशियमचा काही हिस्सा अर्गॉन-३९ होतो, मग टप्प्याटप्प्याने तापवून वायू मोजतात. सगळ्या टप्प्यांतून एकच वय आलं तर दगड शाबूत. दुसरी पद्धत झिरकॉन नावाच्या खनिजातल्या युरेनियम-शिशाची. बेसाल्टात झिरकॉन जवळपास नसतो, पण दोन लाव्हांच्या मधल्या तांबड्या थरांत राखेबरोबर आलेले स्फटिक मिळतात. २०१९ च्या फेब्रुवारीत दोन गटांनी पश्चिम घाटातल्या दगडांची वयं एकाच वेळी छापली. उद्रेक सुमारे दहा लाख वर्षांत आटोपले, याबाबत दोघांचं जमलं. पण झिरकॉनवाले म्हणाले चार झटके, आणि एक मोठा अशनीच्या थोडा आधी. अर्गॉनवाले म्हणाले बराचसा लाव्हा, तीन चतुर्थांश, अशनीनंतर. म्हणजे कुणाला फाशी द्यायची ते अजून ठरलेलं नाही. माझं मत विचाराल तर अशनीने मारलं, लाव्हाने आधीच आजारी पाडलं होतं की नाही हा खरा प्रश्न आहे.

आणि यात कोकण कुठे आहे? कोकणात, विशेषतः रायगडच्या किनाऱ्यावर, थरांना उभे छेदून गेलेले डाइक, म्हणजे भेगांत थिजलेल्या लाव्हाच्या भिंती, आहेत. छेदणारा छेदलेल्यापेक्षा नवा, हे सांगायला यंत्रही लागत नाही. मुंबईकडचे गोराई-मनोरीचे ट्रॅकाइट नावाचे ज्वालामुखीचे दगड तर मुख्य उद्रेकानंतर काही दशलक्ष वर्षांनी आलेले. म्हणजे घाट शांत झाल्यावरही किनारा जागा होता. घाटातल्या इतके नमुने इथून घेतले तर चित्र पूर्ण होईल. आणि ते नमुने जांभ्याखाली दडलेत.

तेव्हा एक विनंती. ज्यांच्याकडे विहीर खणायचं चाललंय त्यांनी तळाची काळवत्री फेकून देऊ नका. मुठीएवढा तुकडा ठेवा, किती खोलीवर लागला ते लिहा, फूट चालतील. मात्र हळदकुंकू लावून आणू नका. हळदीतही पोटॅशियम असतं.