आडोसा गेला, वारा आला

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यात, अटलांटिकच्या काठाला किआवा नावाचं बेट आहे. तिथल्या रिसॉर्टचं ‘ओशन कोर्स’ हे गोल्फ मैदान पीट डाय यांनी आखलं. बांधकाम चालू असतानाच १९८९ साली ह्यूगो चक्रीवादळ येऊन गेलं, तरी १९९१ च्या रायडर कपपर्यंत, म्हणजे अमेरिका आणि युरोपच्या संघांमधल्या गोल्फ लढतीपर्यंत, ते उभं राहिलं.

डाय यांचा मूळ बेत वाळूच्या टेकड्यांमागे, खोलगट जागेत फेअरवे, म्हणजे खेळायचे हिरवळीचे पट्टे, ठेवायचा होता. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस डाय, स्वतः पट्टीच्या गोल्फपटू, म्हणाल्या की समुद्र दिसलाच पाहिजे. मग फेअरवे उंचावले. समुद्र दिसू लागला, पण आडोसा गेला. या मैदानाची खरी अडचण तिथूनच सुरू होते.

अठरा होलांपैकी, म्हणजे खेळाच्या टप्प्यांपैकी, दहा समुद्राला लागून, उरलेले आठ त्यांना समांतर. पहिले चार पूर्वेकडे जातात, पाचवा ते तेरावा पश्चिमेकडे आणि शेवटचे पाच परत पूर्वेकडे. म्हणजे पूर्वेचा वारा असला की थकलेल्या खेळाडूला शेवटचे पाचही होल वाऱ्याच्या तोंडावर खेळावे लागतात. त्यातून इथे वाऱ्याची ठरलेली दिशा नाही. काल आठ नंबरच्या आयर्नने (लोखंडी क्लबने) गाठलेलं ग्रीन, म्हणजे झेंड्याभोवतीची बारीक हिरवळ, आज लांब पल्ल्याच्या चार नंबरनेही हाती लागेलच असं नाही.

समोरून वारा असेल तर बहुतेक जण जोर लावतात आणि तिथेच फसतात. जोराच्या फटक्याने चेंडूला उलटी फिरकी जास्त मिळते, तो फुग्यासारखा वर चढतो आणि अलीकडेच पडतो. दोन क्लब मोठा, म्हणजे लांब पल्ल्याचा, घ्यावा, चेंडू उजव्या पायाकडे थोडा सरकवावा आणि पाऊण स्विंगवर थांबावं. (डावखुऱ्यांनी पाय बदलून ऐकावं.)

खारं वारं सोसणारं पास्पालम गवत ग्रीनवर आहे. त्यावर चेंडू फार घरंगळत नाही, म्हणून चिप करताना, म्हणजे ग्रीनजवळून छोटा फटका मारताना, तो झेंड्याच्या थोडा जवळच टाकावा. वाळू मात्र इथे सगळीकडे. मोठ्या स्पर्धांत तिला बंकरचा (वाळूच्या खड्ड्याचा) नियम लावला नाही, त्यामुळे फटक्याआधी क्लब वाळूला टेकवला तरी दंड नव्हता. ही सवलत ऐकायला गोड वाटते, पण चेंडू पावलाच्या ठशात रुतला असेल तर तिचा उपयोग काय?

आता सतरावा होल. पार तीन, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचा; मागच्या टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, दोनशे यार्डांहून लांब, समोर आणि उजवीकडे पाणी. १९९१ च्या रायडर कपच्या शेवटच्या दिवशी अमेरिकेचा मार्क कॅल्कवेकिया चार होल उरलेले असताना चार होलांनी पुढे होता. इथे त्याचा युरोपचा प्रतिस्पर्धी कॉलिन मॉन्टगोमेरी याचा चेंडू आधी पाण्यात गेला, म्हणजे सामना जवळपास हातात आलाच होता. मग कॅल्कवेकियाचाही पाण्यात गेला आणि पुढे दोन फुटांवरचा पट (ग्रीनवर चेंडू घरंगळवायचा फटका) हुकला. शेवटचे चारही होल गमावून सामना बरोबरीत सुटला.

सुट्टीवर जाणाऱ्याने मागच्या टीचा हट्ट धरू नये. पुढच्या टीवरून पाणी बरंच कमी ओलांडावं लागतं. आणि नेम डावीकडे धरावा. तिथे वाळू आहे, पण चेंडू निदान सापडतो.