एक्केचाळिसावी निवड

श्रोतेहो, नमस्कार.

बास्केटबॉलचं वेड असलेल्या कुणालाही विचारा, तुमच्या संघासाठी ड्राफ्टची आदर्श रात्र कशी असावी? बहुतेक जण सांगतील, लॉटरीत पहिला नंबर लागावा आणि त्या वर्षीचा सर्वांत गाजलेला पोरगा आपल्याकडे यावा. मी डेन्व्हर नगेट्सचा चाहता आहे आणि मला तसं वाटत नाही. मला हवी तशी रात्र एकदा होऊन गेली आहे. तारीख २६ जून २०१४, ठिकाण न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचं बार्कलेज सेंटर.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एनबीए म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, तिच्यात ३० संघ. दर वर्षी जूनमध्ये ते कॉलेजमधले आणि परदेशातले तरुण खेळाडू पाळीपाळीने निवडतात. फेऱ्या दोन. ज्या १४ संघांना प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या विजेतेपदाच्या फेऱ्यांमध्ये, जागा मिळत नाही त्यांच्यात लॉटरी होते आणि सुरुवातीचे क्रमांक त्यावरून ठरतात. पहिल्या फेरीतल्या मुलाला ठरलेल्या पगाराचा करार मिळतो. दुसऱ्या फेरीत तशी कसलीच हमी नसते. तिकडे रात्री आठला पहिलं नाव पुकारतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. २०१५ साली डॅलस मॅव्हरिक्सने ५२व्या क्रमांकावर पंजाबच्या सतनाम सिंगचं नाव घेतलं. भारतात जन्मलेला ड्राफ्टमधला तो पहिला खेळाडू. तोही दुसऱ्याच फेरीतला.

तर २०१४. अँड्र्यू विगिन्स पहिला, जबारी पार्कर दुसरा, जोएल एम्बीड तिसरा. चौथ्या क्रमांकावर ऑर्लँडोने ॲरन गॉर्डनला घेतलं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. डेन्व्हरची पाळी अकराव्या क्रमांकावर आली आणि त्यांनी डग मॅकडर्मटला निवडलं. क्रेटन विद्यापीठाकडून ३,००० हून अधिक गुण केलेला, त्या वर्षी कॉलेजचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला, घराघरात माहीत असलेला मुलगा. पण डेन्व्हरने त्याला ठेवलं नाही. त्याच रात्री त्याला शिकागोकडे धाडलं आणि बदल्यात १६वी आणि १९वी अशा दोन निवडी घेतल्या. १६व्या क्रमांकावर बोस्नियाचा युसुफ नुर्किच आला, थोराड सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू. १९व्यावर मिशिगन स्टेट विद्यापीठाचा गॅरी हॅरिस, गार्ड, म्हणजे बास्केटपासून लांब खेळणारा चपळ खेळाडू. नावाजलेला एक देऊन कष्टाळू दोन मिळवले. चाहता म्हणून मला हा सौदा मनापासून आवडतो. पाच जणांनी खेळायच्या खेळात एका नावाच्या मोहात न अडकणं हे मोठं धाडस आहे, आणि जनरल मॅनेजर टिम कॉनेली यांनी ते संघात नवे असतानाच दाखवलं.

मग दुसरी फेरी. प्रेक्षक पांगू लागलेले. ४१व्या क्रमांकाला पुन्हा डेन्व्हरची पाळी आली तेव्हा टीव्हीवर टाको बेल या फास्ट फूड साखळीची जाहिरात चालू होती. ती चालू असतानाच पडद्याच्या तळाशी एक नाव झळकलं : निकोला योकिच, सर्बिया. तो स्वतः तेव्हा सर्बियात झोपला होता. भाऊ न्यूयॉर्कमध्ये होता, त्याने फोन करून बातमी दिली.

हे नाव डेन्व्हरपर्यंत आलं कसं, ते मला त्या जाहिरातीपेक्षा कितीतरी महत्त्वाचं वाटतं. सर्बियातले एजंट मिश्को राझ्नातोविच यांच्या नजरेला वर्तमानपत्रात ज्युनियर सामन्यांचे आकडे पडले. एक अनोळखी पोरगा प्रत्येक सामन्यात भरमसाट गुण आणि रिबाउंड, म्हणजे नेम चुकून परत आलेले चेंडू, घेत होता. त्यांनी माणसं पाठवून त्याला शोधून काढलं. डेन्व्हरसाठी युरोपात फिरणारा तरुण पोलिश स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारा, राफाल यूच त्याच्याबद्दल संघाला सांगत राहिला. योकिच धावायला जड, उडी बेताची, अंगावर स्नायू म्हणावेत असे नाहीत. मोजपट्टीवर तो कुठेच बसत नव्हता. पण चेंडू हातात आला की कोण कुठे मोकळा होणार हे त्याला आधी दिसायचं. हे टेपने मोजता येत नाही. त्यासाठी माणसाला सामन्याला जाऊन बसावं लागतं, तेही एकदा नाही, अनेकदा.

निवड झाल्यावरही घाई केली नाही. डेन्व्हरने त्याला आणखी एक वर्ष सर्बियातल्या क्लबकडूनच खेळू दिलं. २०१५ मध्ये तो ॲड्रियाटिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि मग अमेरिकेत आला. सुरुवातीला तो आणि नुर्किच एकत्र खेळायचा प्रयोग झाला, तो जमला नाही. डिसेंबर २०१६ मध्ये प्रशिक्षक मायकेल मलोन यांनी संघ योकिचभोवती उभा करायचं ठरवलं. नुर्किच पोर्टलंडला गेला. गॅरी हॅरिस सात मोसम इमानाने खेळला आणि २०२१ मध्ये ज्या सौद्यात तो ऑर्लँडोला गेला, त्याच सौद्यात डेन्व्हरला ॲरन गॉर्डन मिळाला. त्याच रात्रीचा, चौथ्या क्रमांकाचा! नऊ वर्षांनी, १२ जून २०२३ रोजी, डेन्व्हरने मायामी हीटला ९४-८९ असं हरवून मालिका ४-१ ने जिंकली. १९७६ पासून एनबीएमध्ये असलेल्या संघाचं ते पहिलं विजेतेपद. योकिच अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, गॉर्डन त्याच्या शेजारी उभा होता. योकिच मोसमाचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, झाला तीनदा : २०२१, २०२२ आणि २०२४.

याच संघाच्या वाईट रात्रीही सांगायला हव्यात, नाहीतर चांगल्या रात्रीची किंमत कळत नाही. २०१३ मध्ये डेन्व्हरने २७व्या क्रमांकावर रुडी गोबेअरला निवडलं आणि लगेच युटाला देऊन टाकलं. बदल्यात ४६व्या क्रमांकाचा गार्ड आणि रोख रक्कम. गोबेअर पुढे चार वेळा सर्वोत्तम बचावपटू ठरला. २०१७ मध्ये १३व्या निवडीवर डोनोव्हन मिचेल हाताशी होता, तोही युटाकडेच गेला. रोख पैशासाठी निवड विकणं हे मला चाहत्यांवरच्या अन्यायासारखं वाटतं. पैसा पुढच्या मोसमात खर्च होतो, गेलेला खेळाडू दहा वर्षं आपल्याविरुद्ध खेळतो.

आता पुढच्या ड्राफ्टकडून मला काय हवं? योकिच तिशी ओलांडून गेला आहे. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेत २०२३ मध्ये झालेल्या नव्या करारानंतर संघांच्या पगारखर्चावरची मर्यादा फार कडक झाली. ठरावीक रेषेपलीकडे खर्च करणाऱ्या संघाला बाहेरचे खेळाडू आणणं जवळपास अशक्य होतं. अशा वेळी कमी पगाराचा, तयारीचा तरुण हाच राखीव फळीचा आधार. २०२२ मध्ये २१व्या क्रमांकावर निवडलेला क्रिश्चन ब्रॉन आठवा. पहिल्याच मोसमात, अंतिम फेरीच्या तिसऱ्या सामन्यात त्याने १५ गुण केले. त्या सामन्यात योकिच आणि जमाल मरी दोघांनी तीस-तीसच्या वर गुणांसह ट्रिपल-डबल, म्हणजे तीन प्रकारांत दोन अंकी आकडा, केला, म्हणून सगळे त्यांच्याबद्दल बोलले आणि ते योग्यच होतं. पण ब्रॉन नसता तर ती मिनिटं कोण खेळलं असतं?

म्हणून माझी मागणी साधी आहे. विसाव्या-तिसाव्या क्रमांकावर असा मुलगा घ्या, जो चेंडू हातात नसतानाही सतत धावतो, कारण योकिचचा पास धावणाऱ्यालाच मिळतो. निवडल्यावर त्याला मोसमाच्या सुरुवातीपासून मैदानात उतरवा, प्लेऑफची वाट पाहू नका. आणि दुसऱ्या फेरीतली एकही निवड विकू नका. २०२४ पासून दुसरी फेरी वेगळ्या दिवशी होते. पहिल्या फेरीनंतर संघांना विचार करायला अख्खी रात्र मिळते, आणि प्रत्येक निवडीला पूर्वीच्या दोन मिनिटांऐवजी चार मिनिटं. त्या रात्री डेन्व्हरच्या खोलीत बसलेल्यांनी आपल्या स्काउटांना एकच प्रश्न विचारावा : तुम्ही स्वतः जाऊन, पुन्हा पुन्हा पाहिलेला असा कोण आहे, ज्याचं नाव अजून कुणी घेतलेलं नाही?