पेनड्राइव्ह न्यायला, हार्डडिस्क ठेवायला

नमस्कार श्रोतेहो,

लग्न आटोपलं की काही दिवसांनी फोटोग्राफर अल्बमसोबत एक पेनड्राइव्ह देतो. सगळा व्हिडिओ त्यात. तो कपाटात दागिन्यांच्या डबीशेजारी जाऊन बसतो आणि घरचे निर्धास्त होतात. गफलत होते ती इथेच. पेनड्राइव्हच्या चिपमध्ये माहिती विद्युतभाराच्या रूपात असते. वर्षानुवर्षं तो कुठेच न जोडता पडून राहिला, तर हा भार हळूहळू गळत जातो, हलक्या दर्जाच्या चिपमध्ये जरा लवकरच. म्हणून मी म्हणतो, पेनड्राइव्ह न्यायला-आणायला आणि हार्डडिस्क ठेवायला.

बाहेरून जोडायच्या हार्डडिस्कमध्ये फिरत्या तबकडीवर चुंबकीय नोंद होते, ती अधिक टिकते. मात्र चालू असताना ती टेबलावरून पडली, तर तबकडीच्या अगदी लगत तरंगणारं, माहिती वाचणारं टोक तबकडीच खरडून टाकतं. म्हणून हार्डडिस्क दोन हव्यात, आणि दुसरी शक्यतो बहिणीकडे किंवा गावच्या घरी. फोटो उतरवून झाले की हार्डडिस्क संगणकापासून काढून ठेवा. जोडलेलीच राहिली, तर संगणकात शिरलेला खंडणीखोर व्हायरस तिच्यावरच्या फायलींनाही कुलूप घालतो.

आता खरेदीचं बघू. २००० साली आलेल्या सुरुवातीच्या पेनड्राइव्हमध्ये जेमतेम ८ एमबी मावायचं. आज काहीशे रुपयांत चक्क २ टीबीचा, म्हणजे दोन हजार जीबीचा पेनड्राइव्ह मिळतोय, असं कुणी दाखवलं तर हात आखडता घ्या. आत खरी जागा थोडीच असते, पण संगणकाला खोटा आकडा सांगितला जातो. फायली जाताना दिसतात, नावंही दिसतात, आणि उघडायला गेलं की काही नाही! एच२टेस्टडब्ल्यू नावाचा मोफत प्रोग्राम पूर्ण जागा भरून, परत वाचून हे पितळ उघडं पाडतो. १ टीबीची हार्डडिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, ती मात्र फसवणूक नव्हे. एमबी, जीबी, टीबी ही प्रत्येक पायरी कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ने.

पेनड्राइव्हमध्ये जागा भरपूर आहे, तरी ५ जीबीचा सिनेमा जात नाही? मग तो फायली मांडायच्या फॅट-३२ नावाच्या जुन्या पद्धतीचा असणार. तिथे एक फाइल ४ जीबीच्या वर चालत नाही. एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीत फॉरमॅट करा, पण त्यात आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून ते आधी दुसरीकडे हलवा. तुमचा टीव्ही एक्सफॅट वाचतो का, तेही पाहून घ्या.

झेरॉक्सच्या दुकानासाठी एक छोटा पेनड्राइव्ह वेगळाच ठेवा. त्यात फक्त छापायचा सातबारा किंवा अर्ज, बाकी काही नाही. तिथून आल्यावर फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसू लागले, तर त्यांवर क्लिक करू नका. फायली बहुधा जागेवरच असतात, व्हायरसने नुसत्या लपवलेल्या.

मला सगळ्यात आवडणारा उपयोग मात्र निराळा आहे. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोजऐवजी संगणक चालवू शकणारी उबुंटूसारखी मोफत लिनक्स प्रणाली चढवून ठेवा. विंडोज सुरू होईना, की त्यावरून संगणक चालू करायचा आणि आतले फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यायचे. आतली डिस्क धड असेल आणि तिला बिटलॉकरसारखं सांकेतिक कुलूप नसेल, तर हे घरच्या घरी जमतं. दुरुस्तीवाल्याला पैसे मोजण्याआधी करून पाहावं असंच हे काम आहे.

आणि जुनी हार्डडिस्क कुणाला द्यायची असेल, तर नुसतं डिलीट करून भागत नाही, पुसलेलं परत काढता येतं. विंडोजमध्ये फॉरमॅट करताना ‘क्विक फॉरमॅट’समोरची खूण काढून टाका. वेळ बराच लागेल, तेव्हा रात्री लावून खुशाल झोपा.