भिंतीमागचा विस्तव

(दृश्य : वेळणेश्वर, डिसेंबरातली तिन्हीसांज. न्हाणीघराच्या कौलांतून धूर.)

चुलाण न्हाणीघरात, आणि आजोबा बाहेर पडवीत, चिऱ्याच्या भिंतीला पाठ टेकून. जाळ त्यांना दिसत नाही. तरी बसल्या जागेवरून हाक जाते, "ओढून घे गो ती लाकडं, पाणी कढलं असेल!" जांभ्याची ऊब त्यांच्या पाठीला कळते.

(दृश्य : रात्र, माडांच्या वर आकाश.)

तिमिंगल तारकासमूह डोक्यावर आलाय. त्यात मेसिए ७७ ही दीर्घिका आहे, सुमारे ४.७ कोटी प्रकाशवर्षांवर. केंद्रात कृष्णविवर. त्यात कोसळणारा वायू तापून अतिनील प्रकाश ओकतो, पण तो थेट आपल्यापर्यंत येत नाही. मधे धूळ आहे. कार्बनचे, सिलिकेटचे बारीक कण, चुलीवरच्या काजळीचे भाऊबंदच म्हणा. ते प्रकाश गिळतात, तापतात आणि अवरक्त किरणांत परत देतात.

हे सहजासहजी कुणी मान्य केलं नव्हतं. ३सी २७३ हा क्वेसार, म्हणजे कृष्णविवराभोवतीच्या वायूमुळे प्रखर झळाळणारं दूरच्या दीर्घिकेचं केंद्र, किती दूर आहे, हे मार्टेन श्मिट यांनी १९६३मध्ये ओळखलं. अशा क्वेसारांची अवरक्त झळाळी म्हणजे चुंबकीय क्षेत्रात गरगरणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा प्रकाश, असं बऱ्याच जणांना वाटे. ब्लेझारांच्या, म्हणजे ज्यांचा झोत थेट आपल्याकडे रोखलेला असतो त्यांच्या, बाबतीत ते बरोबरही आहे.

बाकीच्यांत मात्र धुळीची खूण सापडते. साधारण १५०० केल्विनच्या वर हे कण तगत नाहीत, त्यांची वाफ होते. त्याहून तापलेली, म्हणजे आणखी आखूड तरंगलांबीला झळाळणारी, धूळ उरतच नाही. म्हणून क्वेसारांच्या वर्णपटात १ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीजवळ खळगा दिसतो, आणि त्यापुढे, २-३ मायक्रॉनला, सर्वांत तापलेल्या धुळीचा उंचवटा. क्वेसार लहान असो की मोठा, खळगा तिथेच! इलेक्ट्रॉनांना असं एका जागेचं बंधन कशाला असेल?

दुसरी खूण उशिराची. एनजीसी ४१५१ या दीर्घिकेच्या केंद्रात दृश्य प्रकाश भडकला की अवरक्त काही आठवड्यांनी वाढतो. आमची भिंतही उशिराच तापते, पण उपमा इथे तुटते. चिऱ्यात ऊब मुरायला वेळ लागतो. तिथे धुळीपर्यंत प्रकाश पोचायलाच तेवढे आठवडे जातात. त्यावरूनच धूळ किती लांब आहे ते मोजता येतं.

(दृश्य : भिंतीवर टेकवलेला तळहात.)

दूरच्या अवरक्तातली, थंड धुळीची ऊब मात्र सगळी कृष्णविवराची नव्हे. दीर्घिकेतले नवे तारेही धूळ तापवतात, आणि कुणाचा वाटा किती यावर अजून वाद चालतो. या भिंतीतही थोडी ऊब दुपारनंतरच्या उन्हाची आहेच. आजोबा ती चुलाणाच्या खाती धरतात.