डॅलसच्या ओढ्यात उतरलेलं खिल्लार

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या कृष्णाकाठी गुरांच्या कळपाला खिल्लार म्हणतात. खिलार बैलाचं नाव त्यावरूनच पडलं. गेल्या वर्षी लेकीकडे अमेरिकेत, टेक्सासमधल्या डॅलसला गेले होते. तिथे भर शहरात, उंच इमारतींच्या पायथ्याशी, एक अख्खा कळप टेकाडावरून उतरताना दिसला आणि माझ्या तोंडून निघालं, "अगं बाई, खिल्लार!"

४९ बैल आणि ३ घोडेस्वार, सगळे ब्राँझचे. पायोनियर प्लाझा हे त्या बागेचं नाव, जागा चार एकरांहून थोडी जास्त. शिल्पकार रॉबर्ट समर्स हे टेक्सासचेच. १९९०च्या दशकात हे काम उभं राहिलं, तेव्हा शहरातल्या काही कलावंतांनी त्याला विरोधही केला होता. मला मात्र ते पाहताक्षणी पटलं, कारण तिथे चौथरा नाही. आपल्याकडे पुतळा म्हणजे उंचावर, मान वर करून बघायचा. इथे बैल गवतात उभे आहेत. आपण त्यांच्यामधून चालायचं, पाठीवर हात ठेवायचा. एकेक बैल सहा फूट उंच, खऱ्यापेक्षा मोठा, त्यामुळे माझ्यासारखं मोठं माणूसही त्यांच्यात गेलं की लहान होतं.

कळप वाहत्या पाण्याकडे चालला आहे. पाण्यापाशी आलेल्या एका बैलासमोर मी बराच वेळ थांबले. आमचे वडील बैल धुवायला कृष्णेवर न्यायचे. पाण्याला पाय लागला की हरण्या हमखास अडायचा. आधी हुंगायचा, कान पुढे घ्यायचा, मग वजन एका खुरावर टाकायचा. पाण्यात उतरणारं जनावर कसं चालतं हे ज्याने पाहिलंय, त्यालाच असं घडवता येतं. नातीने विचारलं, "आजी, ह्यांची नावं काय?" मी तिला आमच्या दावणीची नावं सांगत सुटले. हरण्या, पाखऱ्या, चांद्या. ४९ बैलांना काही ती पुरली नाहीत.

हे बैल लाँगहॉर्न जातीचे. स्पॅनिश लोकांनी आणलेल्या गुरांचा हा वंश, शिंगं सहा-सहा फूट पसरलेली. १८५०च्या सुमारास टेक्सासात गुरं उदंड आणि मोल कमी, उत्तरेकडे मात्र त्यांना चांगला भाव. रेल्वे डॅलसला आली १८७२ साली, म्हणजे त्याआधी एकच उपाय, गुरं पायी हाकत न्यायची. डॅलसवरून जाणारी शॉनी ट्रेल ही वाट रेड नदी ओलांडून उत्तरेच्या मिझुरी राज्याकडे जायची. दिवसाचा पल्ला पंधरा-वीस किलोमीटर. घाई केली तर जनावर वाळतं आणि बाजारात भाव पडतो, हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागणार नाही.

कळपाच्या मागे चालणाऱ्यांच्या वाट्याला सगळी धूळ. रात्री पहाऱ्यावरचा गडी घोड्यावरून फेऱ्या मारत गात राहायचा. विजेच्या कडकडाटाने कळप उधळला तर माणसं तुडवली जायची, म्हणून ओळखीचा आवाज जनावरांच्या कानावर पडत राहिला पाहिजे. बागेतल्या तीन स्वारांपैकी एक गोरा म्होरक्या, एक काळा, एक मेक्सिकन. हे खरंच तसं होतं. दोरीचा फास टाकून जनावर धरायची कला मेक्सिकन गुराख्यांची, आणि गुलामीतून सुटलेली कितीतरी काळी माणसं ह्या कामात होती. सिनेमाने त्यांना फार काळ दाखवलंच नाही. इथे ती तिघं एकाच कळपामागे आहेत, ह्याचं मला फार समाधान वाटलं.

आता एक गोष्ट, जी त्या बागेत दिसत नाही. ह्या कळपांना मिझुरीचे शेतकरी बंदुका घेऊन अडवायचे. टेक्सासची गुरं ज्या गावावरून जात, तिथली स्थानिक गुरं तापाने मरत. टेक्सासवाले म्हणत, आमची जनावरं तर ठणठणीत आहेत! दोघंही खरं बोलत होते. १८९३ साली थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेडरिक किलबोर्न यांनी दाखवून दिलं की हा ताप गोचीड पसरवते. लाँगहॉर्नला तो सोसायची सवय झालेली, पण अंगावरची गोचीड वाटेत गळून अंडी घालायची आणि तिची पिल्लं दुसऱ्याच्या गुरांना चिकटायची. असा बारीक जीव एका जनावराचा रोग दुसऱ्याला देतो, हे तेव्हा पहिल्यांदा सिद्ध झालं. आमच्या गोठ्यात आई संध्याकाळी कासेजवळच्या गोचिडी वेचून निखाऱ्यावर टाकायची, तो चट् आवाज मला तिथे आठवला.

आणि गंमत अशी की गोचीड आणि ऊन दोन्ही सोसणारी गुरं टेक्सासने पुढे आपल्याकडून नेली. १९०६ साली वशिंडवाले बैल भारतातून तिकडे गेले. आज जिला अमेरिकन ब्राह्मण म्हणतात, त्या जातीच्या घडणीत गीर, कांकरेज, ओंगोल यांच्याबरोबर कृष्णा खोऱ्याच्या जातीचंही नाव घेतात. कृष्णा खोऱ्याची, श्रोतेहो! सांगली-बेळगावकडच्या काळ्या, चिकट रानात नांगर ओढणारी ती जात. आज तिची जनावरं आपल्याकडेच शोधावी लागतात. ह्याची मला चुटपुट लागून राहिली आहे.

लेकीचं घर उत्तरेला, फ्रिस्कोत. आता त्या बाजूला मराठी घरं पुष्कळ आहेत, गणपतीत आरत्या ऐकू येतात. परतताना आम्ही प्रेस्टन रोडने गेलो. जावई म्हणाले, "आई, हीच ती जुनी गुरांची वाट." दोन्ही बाजूंना दुकानं, सिग्नल, गाड्यांची रांग. कळपाला जिथे दोन-तीन दिवस लागले असते, ते अंतर आम्ही तासाभरात कापलं. नात मागच्या सीटवर बोटं मोजत उरलेल्या बैलांची नावं ठेवत होती. घर आलं तेव्हा ती सतरापर्यंत पोचली होती.