स्वच्छ प्रत: गर्न्सीतले व्हिक्टर ह्यूगो

(दृश्य: बंदर, धक्क्यावरच्या होड्या, चढणीची गल्ली)

हे गर्न्सी बेट. राज्य ब्रिटिश राजाचं, पण आभाळ निवळलं की इथून फ्रान्सचा किनारा दिसतो. 31 ऑक्टोबर 1855 रोजी व्हिक्टर ह्यूगो सेंट पीटर पोर्टच्या या बंदरात उतरले. वय 53. कवी, नाटककार, लोकप्रतिनिधी म्हणून अख्खा फ्रान्स त्यांना ओळखत होता आणि त्याच फ्रान्समध्ये पाऊल ठेवायची सोय उरली नव्हती.

2 डिसेंबर 1851 रोजी फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष लुई नेपोलियन याने सगळी सत्ता बळकावली. ह्यूगो उघडपणे विरोधात उभे राहिले. काही दिवस लपूनछपून काढले आणि एका कामगाराच्या नावाच्या पासपोर्टवर रात्रीच्या गाडीने ब्रुसेल्स गाठलं. मागोमाग एक बाई तिथे पोहोचली. तिच्याबरोबर एक ट्रंक होती आणि ट्रंकेत ह्यूगोंची हस्तलिखितं. त्यांतच एक अर्धवट कादंबरी होती, जी पुढे जगाने ‘ले मिझराब्ल’ म्हणून वाचली.

त्या बाईचं नाव ज्युलिएत द्रुए. एकेकाळच्या अभिनेत्री. 1833मध्ये ह्यूगोंच्या नाटकात त्यांना छोटी भूमिका मिळाली, तिथून दोघांचं नातं जुळलं. ह्यूगो विवाहित होते आणि विवाहितच राहिले. ज्युलिएत मात्र पुढची पन्नास वर्षं त्यांच्या मागोमाग गावं आणि देश बदलत राहिल्या.

(दृश्य: ओतव्हिल हाउस, आतले जिने, चिनी मातीच्या ताटल्यांचा बोळ)

हे ओतव्हिल हाउस. कवितासंग्रहाच्या कमाईतून ह्यूगोंनी 1856मध्ये विकत घेतलं. वरून दिसायला साधं, पण दार उघडून आत या. या बोळात भिंती तर भिंती, छतसुद्धा ताटल्यांनी मढवलेलं आहे. बेटावरच्या घराघरांतून जुन्या कोरीव पेट्या विकत घ्यायच्या, सुतारांकडून त्या कापून घ्यायच्या आणि त्यांचीच भिंतींवरची पॅनेल, दारं, आसनं घडवायची, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा उद्योग. नीट पाहा, या भिंतीत पेटीचं कुलूप बसवायची जागा अजून शाबूत आहे.

जेवणघरातल्या शेकोटीच्या फरशा बघा. डेल्फ्टच्या निळ्या-पांढऱ्या फरशांतून ह्यूगोंच्या नावाचं पहिलं अक्षर उभं केलंय. दारावर लॅटिनमध्ये कोरलंय, आयुष्य म्हणजे हद्दपारी. 1862पासून याच घरात बेटावरच्या गरीब मुलांना नेमाने बोलावून जेवू घातलं जाई.

(दृश्य: वरचा मजला, काचेची खोली, समुद्र)

आणि हे सगळ्यात वरचं काचघर. तिन्ही बाजूंना समुद्र, डोक्यावर आभाळ. भिंतीला लावलेल्या फळीवर कागद ठेवायचा आणि उभ्याने लिहायचं, अशी त्यांची पद्धत. गर्न्सीच्या कोळ्यांची, खडकांची, वादळांची कादंबरी त्यांनी हे काचघर बांधल्यावर लिहिली. 1866ला ती छापून आली आणि त्यांनी ती या बेटालाच अर्पण केली.

आता कॅमेरा खाली, याच रस्त्यावर वळवू. थोड्याच अंतरावर ज्युलिएत राहत. सकाळी ह्यूगो उठले की गच्चीवर एक फडकं बांधत. ते दिसलं की ज्युलिएतना कळे, रात्र नीट गेली, आता काम सुरू झालं. बरीच वर्षं त्या या घरात पाहुणी म्हणून उजळ माथ्याने आल्या नाहीत. घरातून त्यांच्याकडे जात ते कागद.

(दृश्य: हस्तलिखिताची पानं, जवळून)

या पानावर थोडं थांबा. कागदाचा उजवा अर्धा भाग भरलेला आहे, डावा कोरा सोडलेला. मजकूर लिहून झाला की ह्यूगो पुन्हा फिरून येत आणि त्या कोऱ्या जागेत भर घालत. वाक्य, मग परिच्छेद, कधी अख्खं प्रकरण. खाणाखुणा, बाण, खोडून वर लिहिलेलं, त्यावर पुन्हा खोडलेलं. छापखान्यातला जुळारी यापुढे हात टेकेल. म्हणून आधी स्वच्छ प्रत लागे आणि ती ज्युलिएत उतरवत. कुठली भर कुठे बसते हे ताडायचं, एकेक शब्द लावायचा आणि न चुकता सुवाच्य अक्षरात उतरवायचा. तेही हजारो पानं. ह्यूगोंच्या मेहुणी ज्युली शने यांनीही यात हात लावला. ज्युलिएतना हे काम नवं नव्हतं. 1848च्या आधी, नायकाचं नाव अजून जाँ व्हालजाँ ठरलं नव्हतं, तेव्हापासून त्या ‘ले मिझराब्ल’च्या प्रती उतरवत होत्या.

आणि हे काम निव्वळ कारकुनी नव्हतं. कादंबरीत पॅरिसमधल्या जोगिणींच्या मठाची प्रकरणं आहेत. तिथली शिस्त, तिथल्या शाळकरी मुली. ज्युलिएत लहानपणीच पोरक्या झाल्या आणि अशाच एका मठाच्या शाळेत वाढल्या. त्यांनी आठवणी लिहून दिल्या आणि ह्यूगोंनी त्या कादंबरीत वापरल्या. मला वाटतं, त्या प्रकरणांच्या पानावर त्यांचंही नाव हवं होतं.

1862मध्ये ब्रुसेल्सच्या लाक्र्वा यांनी कादंबरी छापली. ह्यूगोंना त्यासाठी तीन लाख फ्रँक मिळाले.

1870मध्ये लुई नेपोलियनची राजवट कोसळली आणि ह्यूगो पॅरिसला परतले. 22 मे 1885ला त्यांचं निधन झालं. गरिबांच्या शववाहिकेतून न्या, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. अंत्ययात्रेला सुमारे वीस लाख माणसं लोटली आणि देह पाँथेआँमध्ये, फ्रान्सच्या थोरांच्या स्मारकात, ठेवला गेला. ज्युलिएत दोन वर्षं आधीच, मे 1883मध्ये गेल्या. त्यांची कबर पॅरिसजवळ सें-माँदेला, त्यांच्या मुलीच्या शेजारी आहे.

(दृश्य: पॅरिसच्या संग्रहालयातली रंगीत लाकडी पॅनेल)

ज्युलिएतच्या गर्न्सीतल्या दुसऱ्या घरासाठी ह्यूगोंनी ही पॅनेल स्वतः रंगवली, डागून कोरली. चिनी माणसं, पक्षी, फुलं, आणि मध्येच कुठेतरी दोघांची आद्याक्षरं. ती आता पॅरिसमधल्या प्लास दे व्होज इथल्या ह्यूगोंच्या जुन्या राहत्या घरात लावली आहेत.

ह्यूगोंनी आपली सारी हस्तलिखितं फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला दिली. ज्युलिएतनी त्यांना रोज लिहिलेली पत्रं सुमारे बावीस हजार आहेत. फ्रान्समधले अभ्यासक सध्या ती एकेक करून वाचताहेत, उतरवून घेताहेत आणि इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली करताहेत.