जुन्या ट्रॅक्टरला नवं औजार: पीटीओची जोडणी

ट्रॅक्टरच्या मागे, औजार उचलणाऱ्या लिंकेजच्या दोन हातांच्या मधोमध, एक आखूड फिरता शाफ्ट असतो: हाच पीटीओ, म्हणजे पॉवर टेक-ऑफ. त्यावर सहा दाते. इंजिनाची ताकद औजाराला मिळते ती इथूनच. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने 1918 मध्ये आपल्या ट्रॅक्टरवर ही सोय विक्रीला आणली. पुढे मापं ठरली, तरी सगळ्या ट्रॅक्टरांवर एकच माप यायला बराच काळ गेला. जुन्या फोर्ड 8एन ट्रॅक्टरचा शाफ्ट 1⅛ इंचाचा. आजच्या बहुतेक, मिनिटाला 540 फेऱ्यांच्या औजारांचा जोड 1⅜ इंचाचा.

हा पाव इंच भरून काढते अडॅप्टर स्लीव्ह, म्हणजे दात्यांची आखूड नळी. आतून 1⅛, बाहेरून 1⅜. जुन्या शाफ्टवर सरकवायची, बोल्ट आवळायचा. औजार जोडलं जातं आणि बरेच जण इथेच थांबतात. खरं काम यानंतर सुरू होतं.

अडॅप्टर बाहेर आला तेवढी ट्रॅक्टर आणि औजारामधली जागा कमी झाली. ट्रॅक्टर आणि औजार जोडणारा मधला शाफ्ट एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचा असतो. लिफ्ट वर-खाली होते तसा तो लांबतो, आखडतो. आखडायला जागाच उरली नाही, तर तो एका बाजूला औजाराच्या गिअरबॉक्सवर आणि दुसऱ्या बाजूला ट्रॅक्टरच्या बेअरिंगवर सरळ दाब देतो. जुन्या ट्रॅक्टरचं हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, असं तडकलं, तर दुरुस्ती औजारापेक्षा महाग पडू शकते.

म्हणून आधी मोजमाप. इंजिन बंद, किल्ली काढलेली. औजार जोडून अशा उंचीवर आणायचं, की दोन्ही टोकांमधलं अंतर सर्वांत कमी होईल. ट्रॅक्टरचा आणि औजाराचा शाफ्ट साधारण एका पातळीत आले की सहसा तसं होतं. उचललेलं औजार भक्कम ठोकळ्यांवर टेकवायचं, नुसत्या लिफ्टच्या भरवशावर हात आत घालायचा नाही. मग शाफ्टचे दोन भाग सुटे करून, आपापल्या टोकाला जोडून, शेजारी शेजारी धरायचे आणि खूण करायची. आतली आणि बाहेरची नळी सारखीच कापायची, त्यावरची प्लास्टिकची गार्डही तेवढीच. पूर्ण आखडल्यावरही इंचभर मोकळीक राहायला हवी. कापलेली कड कानसेने घासून, कीस पुसून, ग्रीस लावायचं. आणि उलट तपासणी: शाफ्ट सर्वांत लांब होतो तेव्हाही नळ्या निदान एक तृतीयांश एकमेकांत राहिल्या पाहिजेत.

पुन्हा जोडताना दोन्ही टोकांचे आतले योक, म्हणजे सांध्याचे दुबेळके, एका रेषेत आहेत ना, ते पाहा. एक खाच जरी चुकली तरी शाफ्ट थरथरतो, सांध्यातले क्रॉस लवकर झिजतात.

आता क्लच. अनेक जुन्या ट्रॅक्टरांत पीटीओला गती गिअरबॉक्समधून मिळते. क्लच दाबला की इंजिनाशी जोड सुटतो. पण गवत कापणाऱ्या यंत्राची जड पाती फिरतच राहतात आणि तोच जोर उलटा गिअरबॉक्समधून चाकांपर्यंत पोहोचतो. क्लच दाबलेला, तरी ट्रॅक्टर पुढे ढकलला जातो! कुंपणाजवळ, उतारावर हे जिवावर बेतू शकतं. यावर उपाय ओव्हररनिंग क्लच: सायकलच्या फ्रीव्हीलसारखा तो एकाच दिशेने ताकद देतो. असा ट्रॅक्टर आणि असं यंत्र असेल, तर हा खर्च टाळूच नये. मात्र त्यानेही लांबी वाढते, म्हणून शाफ्ट मोजण्याआधीच तो बसवा.

वेगाबद्दल थोडक्यात. सहा दाते 540 फेऱ्यांचे, एकवीस दाते 1000 फेऱ्यांचे. दाते बदलणारे अडॅप्टर मिळतात, पण ते फेऱ्या बदलत नाहीत. 540 साठी बनवलेलं यंत्र 1000 वर फिरवलं तर पात्यांवरचा बाहेर ओढणारा जोर जवळजवळ साडेतीन पट होतो. असा जोड करूच नये.

शिअर बोल्ट, म्हणजे जास्त ताण आला की मुद्दाम आधी तुटणारा बोल्ट, कंपनीने सांगितलेल्याच ताकदीचा घ्या. जास्त मजबूत घातला, तर तुटायची पाळी गिअरबॉक्सवर येते.

आणि गार्ड. 540 फेऱ्या म्हणजे सेकंदाला नऊ. अडॅप्टरच्या बोल्टचं बाहेर आलेलं डोकं शर्टाची बाही, ओढणी, दोरी सहज धरतं, आणि माणूस आत खेचला जायला क्षणही लागत नाही. अडॅप्टरमुळे जुनं कव्हर पुरत नसेल, तर लांब कव्हर बसवल्याशिवाय यंत्र सुरू करायचं नाही.

पहिली चाचणी इंजिन बंद ठेवूनच: शाफ्ट हाताने फिरवा, कुठे अडतो का पाहा. मग कमी फेऱ्यांवर, सगळ्यांना लांब उभं करून. तासाभराच्या कामानंतर इंजिन बंद करा, अडॅप्टरचा बोल्ट पुन्हा आवळा आणि नळीवरच्या ग्रीसमध्ये पाहा, शाफ्ट कुठवर सरकला ते तिथे दिसेल.